हरण्याची घंटी

परवा लोणच्याची बरणी काढायला मी स्टुलावर चढले आणि बरणीसकट खाली आले. बरणी वाचली, पाय मोडला. पडल्याबरोबर घरातल्यांनी आधी बरणीकडे पाहिलं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि सून दर वेळी ‘काहीतरीच हं आई’ म्हणते. तर सध्या माझा मुक्काम पलंगावर आहे. मुलानं उशाशी विजेच्या घंटीचं बटण लोंबतं ठेवलं आहे. दाबलं की स्वयंपाकघरात चिमणीसारखं काहीतरी चिवचिवतं. भेटायला आलेल्यांना तो ते दाबून दाखवतो. मी स्वतः अजून एकदाही दाबलेलं नाही. सुनेला वाटतं, सासूबाई किती समजूतदार! समजूतदारपणाचा आणि माझा संबंध किती, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. घंटी म्हटलं की मला आमचं कारंज्याचं घर आठवतं आणि हात मागे येतो, एवढंच.

कारंज्याच्या वेशीबाहेर, नाल्याच्या काठानं आमचं बागाईत होतं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मुळे, उन्हाळ्यात कांदे. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला मातीचं घर, आणि या दोन टोकांच्या मध्ये मोठ्या मायचा आवाज. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काकांना मी मोठे बाबा म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते दोघं, माझे आईवडील आणि मी. सकाळी मोटेचं चाक कुरकुरायला लागायचं, पाणी थारोळ्यात धबाधबा पडायचं, आणि ऊन डोक्यावर आलं की ओट्यावरून मोठ्या मायची आरोळी निघायची, ‘भाकर होऽऽ!’ ती आरोळी वांग्यांवरून, कांद्यांवरून, पलीकडच्या शेजाऱ्याच्या गवारीवरून जाऊन थेट विहिरीवर पोचायची. त्या आवाजावर बाबा मोट सोडायचे, शेजारी आपली शिदोरी उघडायचा आणि हरण्या बैल घराकडे तोंड करून उभा राहायचा. हरण्याची आई तो वासरू असतानाच मेली होती. मोठ्या मायनं त्याला दुधात भिजवलेल्या फडक्यावर वाढवलं होतं. घरात तो एकटाच तिला भीत नव्हता. बाकी आम्ही सगळे भीत होतो.

भीत होतो ते तिच्या स्वच्छतेला. मेथीच्या मुळाला माती दिसली की जुडी परत नाल्यावर. अंगण सारवलं की सुकेपर्यंत घरातल्या माणसांनी जागच्या जागी थांबायचं. माझी नखं ती बाजारातल्या वांग्यासारखी उलटीपालटी करून बघायची. माझी आई कामरगावची, अंगानं नाजूक आणि कामानं जरा संथ. तिच्या भाकरीला मोठी माय ‘कामरगावचा नकाशा’ म्हणायची. नकाशा हा शब्द तिनं कुठून उचलला होता कोणास ठाऊक, पण तो लागू पडायचा.  आई पुढची भाकरी आणखी वाकडी थापायची.

एके सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता मोठ्या मायचा हात थांबला. वाखाचा दोरा तसाच बोटात, आणि ती एका कुशीवर कलली. लकवा. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आवाज गेला. राहिला तो घशातला एक ‘आ’, शेजारच्या खोलीतसुद्धा न पोचणारा. वैद्याची तेलं झाली, कबुतराच्या रक्ताची मालिश झाली. कबुतरं तेवढी कमी झाली. मोठी माय मागच्या खोलीत बाजेवर पडून राहिली. डोळे मात्र शाबूत होते, अक्कलही शाबूत, आणि घाणीची किळस तर पूर्वीहून धारदार. कोणी वेळेवर येऊन तिला उचलावं, खाली भांडं धरावं, धुवावं, पुसावं, यासाठी तिला आता हाक मारायची होती. जिच्या हाकेवर आख्खा मळा चालायचा, तिला दोन खोल्या पलीकडे हाक पोचवता येईना.

मग आमच्या घरी युक्त्या सुरू झाल्या. आधी बाजेशी पितळेचं ताट आणि लाटणं ठेवलं. डाव्या हातानं वाजवायचं. पण ताट सरकायचं, खाली पडून भिंतीपर्यंत गरगरत जायचं, आणि ते एकदा पडलं की पुन्हा उचलणार कोण? मोठ्या बाबांनी बाजारातून शिट्टी आणली. वाकड्या तोंडातून नुसती हवा निघायची. तिनं ती शिट्टी अशी फेकली की मला लागली. लागणं भागच होतं. त्या घरात फेकलेल्या वस्तूंच्या वाटेवर मीच असायची. मग पाखरं हाकायच्या दोरीवरचा पत्र्याचा डबा, आत खडे घालून, खोलीत टांगला. शेतात तसे डबे आम्ही रोजच वाजवायचो, त्यामुळे घरात डबा वाजला की बाबा सवयीनं ओरडायचे, ‘अवं, पोपट आले!’ आणि सगळी मंडळी उलट्या दिशेनं धावायची.

शेवटी रस्ता दाखवला तो लतीफचाचांनी. वेशीजवळ त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं आणि आमचे डबे तेच करून द्यायचे. डबा बघून ते म्हणाले, ‘भाऊ, डब्बा शेतात ठीक हाये. घरात आदमीले डब्बा नसते वाजवत. हरण्याची घंटी बांधा ना!’ हरण्याची घंटी काशाची होती, हातात मावणार नाही एवढी. तिचा आवाज दूर जायचा आणि कानाला लागायचा नाही. मोठ्या बाबांनी ती हरण्याच्या गळ्यातून स्वतः सोडली. ते काही कठोर नव्हते, हे मला इथं सांगायलाच हवं. ‘बैलाले काय,’ ते म्हणाले, ‘मोट ओढाले घंटी कायले लागते?’ अंबाडीच्या वाखाची दोरी वळून ती बाजेपासून आढ्यावरून नेली, भिंतीला भोक पाडलं आणि घंटी स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगली. मोठ्या मायनं डाव्या हातानं दोरी ओढली. घंटी वाजली. आई धावली. मोठी माय तिच्याकडे बघून, त्या वाकड्या तोंडानं, हसली. लकव्यानंतरचं ते तिचं पहिलं हसणं.

घंटीनं घराची चालच बदलली. काही दिवसांतच मोठ्या मायनं त्या घंटीत आपलं सगळं बोलणं बसवलं. पाणी हवं तर हळू झोका, कूस बदलायची तर दमानं दोन ओढी, आणि पोटातली घाई असली तर लागोपाठ खणखणाट. आई विळीवरून, चुलीवरून, कुठूनही तो खणखणाट ओळखायची आणि हातातलं टाकून पळायची. बहुतेक वेळा ती पोचायचीच. शिवाय एक चौथाही नाद होता, चिडका, एकच हिसका. तो फोडणी जळाली की यायचा. बाजेवर पडल्या पडल्या नाकानं तिला आईचा स्वयंपाक कळायचा. ‘पाह्य, बोलल्या बाई!’ आई मला म्हणायची. जावेला ती ‘बाई’ म्हणायची. जी आई बोलत्या मोठ्या मायला कधी उत्तर देत नव्हती, ती घंटीला उत्तर द्यायला लागली. ‘आली होऽऽ’ अशी तिची हाक घरभर जायची. आमच्या घरात आता हाक मारणारी ती झाली होती.

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नसे. दीर समोर आला की पदर ओढायचा, तोंड भिंतीकडे. काही सांगायचंच असेल तर मध्ये पोर उभं करायचं. आमच्या घरात ते पोर म्हणजे मी. दोघंही हातभर अंतरावर असायची, दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं, तरी प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून जायचं. या कामात माझा चांगला बडेजाव होता. कधी मोठ्या बाबांच्या वाक्यातली शिवी मी गाळायची, कधी आईच्या वाक्यात ‘जी’ घालायची. एखादीला वाटावं, माझ्यावाचून हे घर चालायचं नाही.

त्या वर्षी पोळ्याला तोरणाखाली पहिल्या मानाला आमची जोडी उभी राहायची होती. मोठ्या बाबांची त्यासाठी फार दिवसांची धडपड होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळले, पळसाच्या पानानं शेकले, आणि मोठ्या बाबांनी हरण्याच्या कानात रीतीचं आवतण दिलं, उद्या जेवायला या म्हणून. मग ते स्वयंपाकघरात आले, पाटावर चढले आणि चुलीवरची घंटी सोडायला लागले.

आई पिठाच्या हातानं तशीच उठली. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘वच्छे, सांग तुह्या मोठ्या बाबाले, घंटी नेली तं बाई हाक कशी मारतीन म्हणा?’

मी तोंड उघडण्याआधीच मोठे बाबा म्हणाले, ‘सांग तुह्या मायले, एका दिसाचाच तं सवाल हाये. पहिल्या मानाचा बैल, अन् बोडका नेऊ का तोरणात? लोकं हासतीन.’

‘सांग, दुसरी घंटी घ्या म्हणा. बाजारात काय घंट्याचा दुष्काळ हाये?’

‘सांग, ही हरण्याची होय म्हणा. त्याच्या अंगची. बैलाची घंटी बैलालेच पायजे पोळ्याच्या दिशी.’

‘सांग...’ आई थांबली. तिला जे म्हणायचं होतं ते पोराच्या तोंडून पाठवण्यासारखं नव्हतं. पदराआडून तिचा श्वास मला ऐकू येत होता. ‘सांग, मंग कोणीतरी बसा म्हणा बाईजोळ.’

‘बसतीन ना! येवढं घर भरलेलं राह्यते सणाचं.’ मोठे बाबा पाटावरून उतरले. घंटी हातात धरून ते मागच्या खोलीत गेले आणि मोठ्या मायला दाखवून म्हणाले, ‘अवं, तुह्या हरण्याले नटवतो उद्या. तुह्यापुढं आणून उभा करतो. पाह्यशील.’ मी दारातून बघत होते. मोठ्या मायनं घंटीकडे पाहिलं, मग आढ्यावरून लोंबणाऱ्या रिकाम्या दोरीकडे. तिनं डोळे मिटले. मोठ्या बाबांना तो होकार वाटला.

पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजल्याचा वास, कढीचा वास, आणि भज्यांचा घाणा. हरण्याची शिंगं हिंगुळानं रंगवली, त्यावर बेगड, अंगावर झूल, गळ्यात ती घंटी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी घुंगरांच्या माळा. ‘घर भरलेलं राह्यते’ असं मोठे बाबा म्हणाले होते, पण पोळ्याचं घर हे दाराशी भरतं; मागच्या खोल्या ओस पडतात. एरवी बैलांची पूजा घरची थोरली बाई करायची. ती बाजेवर, म्हणून ताट आईच्या हातात. पोळा फुटला की बैल आधी आपल्या दारी येणार, तेव्हा तिनं ओट्यावर हजर असायलाच हवं, तिच्याशेजारी पाण्याचा गडू घेऊन मी. जाण्याआधी आईनं मोठ्या मायला धुतलं, कोरडं लुगडं नेसवलं, आणि बाजेशी पुन्हा ते पितळेचं ताट-लाटणं ठेवलं. ‘बाई, बैल ओवाळून अश्शी आली,’ ती म्हणाली.

तोरणाकडे खूप उशीर झाला. मानावरून तंटा झाला होता, असं मागून कळलं. आम्ही ओट्यावर उभ्या. आई सारखी मागे बघत होती. एकदा आत जायला वळली तर शेजारची म्हातारी म्हणाली, ‘कुठं चालली वं ताट घेऊन? बैल दारात आले अन् बाई नाई, असं असते का?’ तेवढ्यात पोळा फुटला. आख्ख्या गावचे बैल एकदम सुटले आणि सगळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या, घुंगरं, वर डफडी, पोरांच्या आरोळ्या. त्या कल्लोळात आमची घंटी मला ओळखू आली. खोल, सगळ्यांहून खालच्या सुरात. ती हळूहळू जवळ येत होती. मला फार अभिमान वाटला.

आईनं हरण्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी खाऊ घातली. आणि मग मोठे बाबा, गुलालानं माखलेले, मानाचा फेटा बांधलेले, चारचौघांना म्हणाले, ‘या, या. घरच्या लक्ष्मीले दाखवतो तिचा लेक.’ त्यांनी हरण्याला घरावरून वळवून मागच्या दाराशी नेलं आणि दार ढकललं. मागे ती सगळी माणसं. लतीफचाचाही होते.

ताट भिंतीपाशी पालथं पडलं होतं. लाटणं दाराशी. मोठी माय अर्धी बाजेवर, अर्धी खाली, डाव्या हातानं बाजेचा पाया धरून. दोरी ओढून ओढून आढ्यावरून सुटली होती आणि तिच्या अंगावर वेटोळं होऊन पडली होती. लुगडं, गोधडी, जमीन, सगळं भरलेलं. ती माणसांकडे बघत होती. तोंडातून ‘आ’ निघत होता आणि हरण्याच्या गळ्यातली घंटी, त्यानं मान हलवली की, वाजत होती.

लतीफचाचांनी मान खाली घातली. ‘चलो, बाहेर चला रे सगळे,’ ते म्हणाले आणि हात पसरून माणसांना मागे ढकलायला लागले. पण त्याआधी मोठे बाबा बोलून गेले. लाजेनं बोलले असतील. चारचौघांत खाली पाहायची वेळ आली म्हणून बोलले असतील. ‘येवढी कळ नाई काढता आली तुले, सणाच्या दिशी?’

आईनं दार लावून घेतलं. आत नुसता पाण्याचा आवाज येत होता, धुतल्याचा, पिळल्याचा. त्या दिवशीचं पुरण बैलांनी खाल्लं. आमच्या घरात कोणी खाल्लं असेल तर ते मी, आणि ते मला अजून आठवतं, कारण ते चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी घंटी परत टांगली, दोरी नवीन वळली, बाजेशी बांधली. स्वतःच ओढून पाहिली. घंटी खणखणीत वाजली. पण मोठ्या मायनं त्या दोरीला पुन्हा कधी हात लावला नाही. आई दोरी तिच्या बोटांत गुंडाळून यायची, ती बोटं सैल सोडायची. एकदा आईनं तिच्या पायाशी बसून विनवलं, ‘बाई, मह्यावर राग हाये का? वाजवा ना वं. फोडणी जाळते मी, बोला मले.’ आई खरंच जाऊन लसूण काळा करून आली. घंटी वाजली नाही.

मग आईनं विळी, परडी, जातं सगळं मागच्या खोलीत हलवलं. दळताना ओवी म्हणायची सोडली, म्हणजे बाजेची करकर ऐकू यावी. पण मोठ्या मायनं हाक मारायची गरजच संपवायला घेतली होती. आधी कढी नको झाली, मग पाणी. आई वाटीनं पाणी तोंडाला लावायची आणि ती ओठ आवळून घ्यायची. आत काही गेलं नाही तर कोणाला बोलवावं लागणार नाही, असा तिचा साधा हिशेब. वैद्य म्हणाला, बाईचं आतडं सुकलं. मोठे बाबा सगळ्यांना सांगायचे, ‘घंटी बांधून देल्ली, दोरी बांधून देल्ली, आता अजून काय करावं माणसानं?’ मेथीच्या दिवसांत ती गेली. दिवसाउजेडी, आई शेजारी बसलेली असताना. घंटी हरण्याच्या गळ्यात परत गेली. तो विहिरीवरून घराकडे तोंड करून उभा राहायचा आणि बाबा त्याला शिव्या द्यायचे.

मी मोठी झाले, हरण्या म्हातारा होऊन गेला, घंटी खुंटीला लागली. मग एका पावसाळ्यात मोठे बाबा विहिरीच्या काठावरून घसरले आणि कमरेतून कायमचे बसले. मागच्या खोलीत तीच बाज. चार दिवस झाले नाहीत तोच त्यांनी बाबांना सांगितलं, ‘ते घंटी बांध रे मले.’ त्यांचा आवाज धडधाकट होता, पण त्यांना घंटी हवी होती. आणि वाजवायचेही किती! चिलमीला वाजवायचे, सुपारीला वाजवायचे, दारावरून कोण गेलं हे विचारायला वाजवायचे. आई दर वेळी उठायची. पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून, हवं ते हातात द्यायची. न बोलता. मला वाटायचं, तिनं एखाद्या वेळी तरी उशीर करावा. तिनं कधी केला नाही.

त्या वर्षीही पोळा आला. बाबांनी नवीन गोऱ्हा घेतला होता. ते पाटावर चढले, चुलीवरच्या घंटीला हात घातला आणि आतल्या खोलीकडे बघून अगदी सहज म्हणाले, ‘दादा, घंटी नेतो रे. एका दिसाचाच तं सवाल हाये.’

 आतून दोरी ताठ झाली. मी डोकावून पाहिलं. मोठ्या बाबांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ‘वच्छे,’ ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा वाटेना, ‘सांग तुह्या मायले... नको नेऊ द्या म्हणा.’

मी आईकडे वळले. आईनं मला हातानं बाजूला केलं. ती दारात गेली, डोक्यावरचा पदर तसाच, पण तोंड भिंतीकडे नाही, सरळ त्यांच्याकडे. इतकी वर्षं एका घरात काढून तिनं त्यांना कधी काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे हाक मारायला तिच्याजवळ त्यांच्यासाठी काही शब्दही नव्हता.

‘कळ कोणालेच काढता येत नाई,’ ती म्हणाली. ‘घंटी राह्यते तिथंच.’

बाबा पाटावरून उतरले. गोऱ्हा तोरणात बोडका गेला. लोक हसले असतील तर मला माहीत नाही. दुपार कलता पोळा फुटला, घंट्यांचा कल्लोळ आमच्या दाराशी आला, आई ओवाळणीचं ताट घेऊन ओट्यावर उभी राहिली. तेवढ्यात घरातून घंटी वाजली. लागोपाठ, खणखण.

आईनं ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मागचं दार लागल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. बैल दारात उभे होते, माणसं उभी होती, कोणी खाकरलं, कोणी विचारलं, काय झालं वं. आई बाहेर आली. तिनं हात धुतले, पुसले, पदर सारखा केला आणि मग ताट घेतलं. बैल तसेच उभे होते, शेपटीनं माशा वारत. त्यांना काही घाई नव्हती. त्या पोळ्याला हरण्यालाही नव्हती.